येणे बाकी

ओश शहरात, जुन्या बाजाराच्या नदीकडच्या टोकाला
माझा तंदूर आहे.
अठरा वर्षं मी त्याच्या तोंडात हात घालते आहे,
कोपरापर्यंत लव उरलेली नाही.

मांसाचा सामसा खावा तर ऊलकानचा,
असं बाजार म्हणायचा,
आणि पीठ मळताना ते वाक्य मी
मिठासारखं चिमूटभर टाकत राहायचे.

मग ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर
सहा आठवड्यांचा वर्ग निघाला : धंदा कसा वाढवावा.
मी गेले ते तिथे हीटर चालू असतो म्हणून.
शिकवणारी झामिरा, माझ्या धाकटीच्या वयाची,
फळ्यावर बाण काढायची, चौकोन काढायची.
मनात म्हटलं, यातल्या कुठल्या चौकोनात विस्तव आहे?
आणि मागच्या बाकावर लोकर विणत बसले.

तिसऱ्या मंगळवारी तिने विचारलं,
"एक सामसा कितीला पडतो?"
साठला विकते, मी म्हटलं.
"विकतेस कितीला ते नाही. पडतो कितीला?"

विकणं आणि पडणं.
हे दोन शब्द असे शेजारी शेजारी
कुणी कधी ठेवूनच दाखवले नव्हते.

त्या रात्री मुलाच्या भूगोलाच्या वहीत
मागच्या पानापासून लिहायला लागले.
मांस एकोणचाळीस. पीठ आठ.
कांदा, चरबी मिळून सात. कोळसा पाच.
गाळ्याचं भाडं वाटून आलं तीन.
बेरीज बासष्ट.
पुन्हा केली. बासष्टच.

म्हणजे बाजार माझी वाहवा करत होता
आणि प्रत्येक वाहवेवर
मी पदरचे दोन सोम ठेवत होते.

मग घर चाललं कशावर?

पान उलटलं.
भोपळ्याचा सामसा. चाळीसला विकते,
कोपऱ्यात, फडक्याखाली,
दात पडलेल्यांसाठी आणि खिशाला मांस न परवडणाऱ्यांसाठी.
पडतो तेवीसला.
हिशोबात ज्याला मी भोपळाच धरलं होतं
तो मुकाट्याने सगळ्यांना पोसत होता.

चौथ्या मंगळवारी वही झामिरापुढे टाकली,
जरा गुर्मीतच.
तिने ओळींवरून बोट फिरवलं. थांबली.
"आणि तुझे हात? ते कुठे लिहिलेस?"
हात माझेच आहेत, त्यांना काय द्यायचं?
"पहाटे चारला उठतात ना?"

मी विणकाम पिशवीत ठेवलं.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही.
मांसाचा पंच्याहत्तर केला, तर बूट शिवणारा ताशतेमिर
अकरा दिवस मान वळवून समोरून जायचा.
बाराव्या दिवशी आला, दोन घेतले,
म्हणाला, आज थंडी आहे.
भोपळ्याला फडक्याखालून काढून पुढे मांडलं.
प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परतले,
तिसऱ्यांदा रात्रपाळीच्या नर्सना विचारलं,
पहाटे काय खाता तुम्ही?
आता रोज सत्तर जातात,
दुलईत गुंडाळून, बाळासारखे.
तुर्सुनायला हाताखाली घेतलं.
पहिल्या आठवड्यात तिने चाळीस जाळले.
तेही लिहिलं.

आणि दर महिन्याच्या पानावर
भाड्याच्या खाली, कोळशाच्या वर, एक ओळ :
ऊलकान, मजुरी, नऊ हजार.

मार्चमध्ये तंदूर तडकला.
पैसे मातीत गेले, गवंड्यात गेले,
माझ्या ओळीपुढे मी लिहिलं, बाकी.
एप्रिलमध्ये निम्मी मिळाली.
आज धंद्याकडून माझं साडेतेरा हजार येणं आहे.

जन्मभर मी उधाऱ्या सोडत आले,
दिराच्या, शेजारणीच्या,
नवऱ्याच्या तर मोजल्याच नाहीत.
ही सोडणार नाही.
पहाटे तंदूर पेटवताना
मी त्याच्याकडे सावकारासारखी बघते.